कमरेवरचे हात

तळेगाव (श्यामजी पंत) इथून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. निंदणाच्या दिवसांत पंढरीला जाणं जमलं नाही, म्हणून बांधावर बसूनच विठ्ठलाच्या रूपाचं बोलणं निघालं.

विठ्ठल विटेवर का उभा? पुंडलिक आईबापाची सेवा करत होता. देव दारी आला, तरी तो उठला नाही. वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. देव थांबला! आमच्यातली एक म्हणाली, "सेवा तर आपण रोजच करतो, आपल्यासाठी कोण थांबतं?" हसू आलं, पण बोलणं खोटं नव्हतं.

हात कमरेवर का, याचा अर्थ जुनी माणसं सांगतात. भवसागर भक्ताला कमरेएवढाच खोल, असं देव हातानं दाखवतो. हे ऐकून आमची एक मैत्रीण गप्प झाली. मग म्हणाली, "मालक गेले तेव्हा कर्ज गळ्यापर्यंत आलं होतं. कुठं होतं कमरेएवढं पाणी?" आमच्याजवळ उत्तर नव्हतं. खरं म्हणजे तेव्हा आम्हीही तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं होतं.

रुक्मिणीचं माहेर आपल्या वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. पंढरपुरात तिचं देऊळ वेगळं, आणि तीही कमरेवर हात ठेवून उभी. पायांवर डोकं ठेवणारीला ती सवाष्ण की विधवा, असं विचारत नाही. माणसांनी मात्र अडवलं. सगळ्यांना मंदिर खुलं व्हावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

यंदा संक्रांतीचं पहिलं वाण आम्ही त्या मैत्रिणीच्या घरी नेणार आहोत.