पाण्याचा हिशेब
(स्नेहसंमेलनातील भाषण)



‘पाणी हेच जीवन’ या विषयावर आपली मुले सुरेख निबंध लिहितात, गुणही मिळवितात. पण मोहल्ल्यातील विहिरीला उन्हाळ्यात किती हात पाणी राहते, असे विचारले तर उत्तर येत नाही. हे शिक्षण अपुरे आहे.

आपल्याच वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुका २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत होता. ८ एप्रिल ते २२ मे, अशा ऐन उन्हाळ्यातील ४५ दिवसांत गावकऱ्यांनी श्रमदान केले. त्याआधी त्यांनी प्रशिक्षण घेतले. उतार कसा मोजावा, समतल चर कोठे खोदावा, हे शिकून मगच कुदळ उचलली. चरामुळे धावते पाणी थांबते, जमिनीत मुरते आणि माती शेतातच राहते.

विद्यार्थी मित्रांनो, १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. शाळेचे छत मोजा, गुणाकार करा. दर महिन्याला विहिरीत दोर सोडून पातळी लिहून ठेवा.

पालकांनो, वर्गणी नको. शोषखड्डा खणण्यासाठी एक रविवार द्या. विहीर साऱ्या वस्तीची आहे. शेजारी कोणत्याही समाजाचे असोत, त्यांना सोबत घ्या.

पुढील वर्षी याच व्यासपीठावरून एखाद्या मुलीने वा मुलाने तो पातळीचा तक्ता वाचून दाखवावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.