फिरत्या घरातला निरोप

घरी कुत्रं गेलं तर माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. कॅम्पर व्हॅनला दुसरी खोली नसते. तिचं पाण्याचं भांडं पायात येतं, ब्रेक लावला की खुंटीवरची साखळी वाजते.

आमची लॅब्रेडोर काशीच्या अलीकडे गेली. दिवस उन्हाळ्याचे, हाताशी काही तासच. पशुवैद्याकडून खात्री केली, चादरीत गुंडाळलं, कडेनं बर्फ ठेवला. "गंगेत सोडा, मोक्ष मिळेल," असं एकानं सुचवलं. मी नको म्हटलं. त्याच पाण्यात पुढच्या घाटावर कुणी आंघोळ करत असतं. एका शेतकऱ्याच्या परवानगीनं, विहिरीपासून लांब, कमरेइतका खड्डा खणून तिला पुरलं.

मग दोन दिवस स्टिअरिंगला हात लावला नाही. ब्रह्मा घाटावर जुनी मराठी वस्ती आहे. गाडी बाहेर लावून गल्लीत खोली घेतली. घरमालकीणबाईंनी मराठीत विचारलं, "नाव काय हो तिचं?" तेव्हा कुठे आमची सौ. मोकळी रडली.

सैन्यातही ही रीत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत 'झूम' या श्वानाला दोन गोळ्या लागल्या. १३ तारखेला तो गेला. श्रीनगरला पुष्पचक्र वाहून त्याला निरोप दिला. हँडलरला पुन्हा ड्यूटीवर जायचं असतं, म्हणून निरोप नीट व्हावा लागतो.

तुम्हीही थांबा. नाव घेऊन निरोप द्या. भांडं कधी उचलायचं, ते रोज भरणाऱ्याला ठरवू द्या. मगच चावी फिरवा. जय हिंद.