बंद वखारीतील छायाचित्रे



छायाचित्रणाचा नाद मला तसा उशिराच जडला. शाळामास्तराच्या मिळकतीत बसेल असा एक कॅमेरा, एक तिपाई आणि रविवारची प्रार्थना आटोपल्यानंतरची मोकळी दुपार, एवढेच माझे भांडवल. नवखा म्हणावे तर आता तसा राहिलो नाही, आणि जाणकार म्हणवून घ्यावे इतका अजून झालेलो नाही. अशा मधल्या अवस्थेतील माणसाला सूर्यास्ताचा कंटाळा येऊ लागतो आणि तो काहीतरी वेगळे शोधू लागतो. मला बंद पडलेले कारखाने सापडले.

त्याचे निमित्त झाली कोल्हापूरची शाहू मिल. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ साली तिचा पाया घातला आणि २००३ साली ती बंद झाली. जवळजवळ एक शतकभर त्या मिलच्या भोंग्यावर कोल्हापूरच्या कित्येक घरांतील चुली पेटल्या. २०२२ साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त तेथे प्रदर्शने भरली, तेव्हा मलाही आत जाण्याचा योग आला. लोक मांडलेल्या वस्तू पाहत होते आणि मी वरचे छप्पर पाहत होतो. परतीच्या एस.टी.त मनात आले, की निपाणीहून चाळीस किलोमीटर येऊन आपण दुसऱ्याच्या गावची बंद मिल पाहतो, आणि आपल्या गावातील बंद वखारींकडे मात्र कधी मान वळवून पाहिलेले नाही.

निपाणीकराला वखार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी थोडे सांगतो. या भागातील काळ्या जमिनीत विडीची तंबाखू पिकते. शेतकऱ्याने वाळवलेला पाला वखारीत येई. तेथे तो कुटावयाचा, चाळावयाचा, देठ आणि काड्या वेगळ्या काढावयाच्या, जाड-बारीक प्रत लावावयाची आणि पोती भरून विडीच्या कारखान्यांकडे पाठवावयाची. हे काम बहुतेक सारे बायकांच्या हातचे. चाळताना उठणारा खकाणा नाकातोंडात जाई आणि दिवसभर तेथेच राही. पुढे विडीचा खप उतरत गेला, कर वाढले, आणि पाणी आले तिकडे उसाने तंबाखूची जमीन घेतली. आजही येथे तंबाखूचा व्यापार आहे. परंतु कितीएक वखारींच्या दारांना कुलपे लागली, ती पुन्हा निघाली नाहीत.

त्यांपैकी एका वखारीत जाण्याची परवानगी मी मालकांकडून रीतसर मागितली. हे मुद्दाम सांगतो. कारण तरुणपणी एका बंद कारखान्याची भिंत चढून मी आत उतरलो होतो आणि गंजलेल्या पत्र्यावरून पाय घसरून गुडघा फोडून घेतला होता. त्या दिवशी जखमेपेक्षा अधिक झोंबले ते राखणदाराचे शब्द. “मास्तर, तुमची पोरं काय शिकणार मग?” असे तो म्हणाला. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय कोठे पाऊल टाकीत नाही, एकटा जात नाही, आणि फळ्यांच्या माळ्यावर तर मुळीच चढत नाही.

वखारीचे दार उघडले तेव्हा पहिल्याप्रथम भेटला तो वास. पंधरा-वीस वर्षे तेथे पानही आलेले नव्हते, तरी भिंती, फरशी, दाराचे लाकूड सारे तंबाखूने भरलेले होते. नाकाला रुमाल बांधूनही पाच मिनिटांत घसा खवखवू लागला. आत अंधार होता. वरच्या झरोक्यांतून आणि फुटक्या कौलांतून उन्हाचे चार-सहा कवडसे उतरत होते आणि आमच्या चालण्याने उठलेली धूळ त्यांत सावकाश फिरत होती. छायाचित्र घेणाऱ्याला याहून अधिक काय हवे असते? मी तिपाई लावली. अशा जागी घाई करून चालत नाही. पडदा दहा-दहा, पंधरा-पंधरा सेकंद उघडा ठेवावा, तेव्हा कोठे काळोखातील भिंत हळूहळू चित्रात उतरते.

पद्धत मी उसनी घेतली होती. जर्मनीत बर्न्ट आणि हिला बेखर नावाचे एक जोडपे होऊन गेले. १९५९ पासून पुढे अनेक वर्षे या दोघांनी खाणींवरचे मनोरे, झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या यांची छायाचित्रे घेतली. नेहमी ढगाळ हवेत, वस्तू समोरासमोर ठेवून, कोणतीही करामत न करता. आणि चित्रात माणूस जवळजवळ कधीच नाही. त्यांच्याच देशात एसेन शहरातील त्सोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ साली बंद झाली आणि २००१ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. हे सारे वाचून मी भारावलो होतो. म्हणून मीही भिंती समोरून घेतल्या, उभ्या रेषा उभ्या आणि आडव्या रेषा आडव्या राहतील याची काळजी घेतली, आणि बरोबर आलेल्या राखणदाराला पुनःपुन्हा बाजूला व्हावयास सांगितले.

एका भिंतीवर खडूने मारलेल्या पाचपाचाच्या रेघा होत्या. काही आकडे मराठीत, काही कानडीत. आमच्या या सीमेवरच्या मुलखात हिशेबाला दोन्ही भाषा चालतात. भांडण होते ते पाट्यांवरून. असो. दोन रविवारांत साठ-सत्तर चित्रे झाली. त्यांतील निवडक वीस मी कागदावर छापून घेतली आणि मनातून फार खूष झालो.

आमच्या गल्लीत एक आक्का राहतात. वय सत्तरीच्या पुढे. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्यांनी वखारीत काम केले. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. त्याच्याच हट्टाने ती चित्रे मी त्यांना दाखवावयास नेली. त्यांनी चष्मा लावला, एकेक चित्र हातात घेतले, बाजूला ठेवले. कवडशांचे चित्र माझ्या फार आवडीचे, पण ते त्यांनी सर्वांत लवकर बाजूला ठेवले.

“सर, झाडलोट केल्यावानी दिसतंय सगळं,” त्या म्हणाल्या. “माणूस कुठं हाय ह्यात?”

मी म्हटले, “आक्का, वखार बंद आहे. माणूस कोठून येणार?”

त्या काही बोलल्या नाहीत. मग उत्तरेकडच्या भिंतीचे चित्र त्यांनी हातात घेतले आणि बराच वेळ पाहिले. त्या भिंतीवर जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर एक काळपट पट्टा सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला आहे. मी तो ओल समजलो होतो. इतकेच नव्हे तर ओलीने चित्राला बरी आडवी रेघ मिळाली, असे मी त्यांना सांगितलेही.

“वल न्हवं ती,” आक्का म्हणाल्या. “आमची डोकी हायती. जेवणाच्या सुट्टीत भितीला टेकून बसायचो. तेलाचं केस, वर तंबाकूचा खकाणा. वरीसभर न्हवं सर, आयुष्यभर.”

मग पट्ट्यावर बोट ठेवून त्या सांगू लागल्या. येथे अमकी बसे, तिच्याशेजारी तिची सून, तमकी गरोदरपणात नवव्या महिन्यापर्यंत येथेच. पट्टा जेथे जरा खाली उतरला आहे, तेथे लहान पोरी बसत. मी चित्र नीट निरखून पाहिले. पट्टा खरोखरच एका जागी चार बोटे खाली उतरला होता. पंधरा सेकंद पडदा उघडा ठेवून मी ते टिपले होते आणि मला ते दिसले नव्हते.

“पूर्वी कुणी फोटो काढायला येत नव्हतं का?” मी विचारले.

“संपाच्या वख्ताला आलं हुतं की सिनेमावालं,” त्या म्हणाल्या.

ते खरे आहे. १९८० च्या सुमारास निपाणीतील तंबाखू कामगार स्त्रिया सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडले, त्याचा शेवट ६ एप्रिलच्या गोळीबारात झाला, आणि त्यामुळे निपाणीचे नाव देशभर गेले. त्या मानाने वखारीतील बायकांचा लढा थोड्यांनाच ठाऊक आहे. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यावर ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ नावाचा एक लहान अनुबोधपट काढला. दिग्दर्शन दीपा धनराज यांचे आणि कॅमेरा नवरोज काँट्रॅक्टर यांचा. त्यात कामकरी स्त्रिया आपली हकीकत आपणच सांगतात. हा पट मी नंतर मिळवून पाहिला. माझ्याच गावची ही गोष्ट. आणि बेखर दांपत्याची सारी माहिती असणाऱ्या मला हा पट ठाऊक नसावा, याची लाज वाटली.

पुढच्या रविवारी आक्कांना घेऊन पुन्हा वखारीत गेलो. उंबऱ्यापाशी त्यांना खोकल्याची उबळ आली. थोडे पाणी प्याल्या आणि आत आल्या. चेहऱ्याचा फोटो काढू नका, असे त्यांनी आधीच बजावले होते, तेव्हा कॅमेरा मी पिशवीतच ठेवला आणि वही काढली. भिंतीचा आराखडा काढला, त्यावर पट्टा आखला, आणि त्या एकेका जागेपाशी उभ्या राहून नावे सांगत गेल्या. आमच्या चर्चमध्ये उपकारकर्त्यांची नावे संगमरवरावर कोरून ठेवण्याची रीत आहे, आणि मालकाचे नाव वखारीच्या दारावरही दगडात आहे. या भिंतीवर फक्त डोक्यांच्या खुणा. नावे सांगताना आक्कांना कोठे अडखळावे लागले नाही. मुकादमाचे नाव तेवढे त्यांनी घेतले नाही, आणि मीही विचारले नाही.

त्यानंतर मी ती भिंत पुन्हा टिपली. या खेपेला एकच लांबट चित्र न करता, हात-हातभर पुढे सरकत, पट्ट्याच्या उंचीवर कॅमेरा धरून, एकेका जागेचे एकेक चित्र घेतले, आणि प्रत्येकाला वहीतील क्रमांक घातला. देखणेपणाच्या दृष्टीने त्यांत काही नाही. काळपट डाग आणि चुन्याचे पोपडे.

मालक सज्जन आहेत. जागेवर दुकानांचे गाळे बांधावयाचे ठरले आहे, हे त्यांनी लपवले नाही. पावसाळा सरला की छप्पर उतरवणार, असे म्हणतात. चित्रांचा एक संच मी त्यांना दिला, एक शाळेत ठेवला आणि एक आक्कांकडे आहे.

भिंतीवर एकूण एकोणीस जागा मोजल्या. सतरा नावे लागली. दाराजवळच्या दोघी चिकोडीच्या बाजूने येत, एवढेच आक्कांना आठवते. त्या दोघींची चौकशी त्या बाजारच्या दिवशी गावोगावच्या बायकांकडे करीत असतात आणि काही कळले की नातवाकरवी मला निरोप पाठवतात. अद्याप निरोप आलेला नाही.