सही आणि शैली

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आधुनिक चित्रकारांवर बोला, असे संयोजकांनी सांगितले तेव्हा आम्ही गोंधळलो. आम्ही पडलो बँकेतले कारकून. परंतु चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहणे हे आमचे रोजचे काम. चित्रकाराची शैली ही अशीच सही असते. खाली नाव नसले तरी हात ओळखू येतो.

प्रथम जिव्या सोमा मशे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्याचेच. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. मशे यांनी ती पांढरी रेघ लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर, रोजच्या जगण्यात आणली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा केला. त्यांचे मासे पकडण्याचे जाळे पाहा, बारीक रेघांनी सारे चित्र भरून जाते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

दुसरे वासुदेव गायतोंडे. १९२४ साली नागपूरला जन्म, शिक्षण जे. जे. स्कूलमध्ये. त्यांच्या पुढच्या काळातील चित्रांत माणूस नाही, झाड नाही. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे आणि थांबायचे. झेन बौद्ध विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्या चित्रांसमोर ध्यानाला बसल्यासारखी शांतता वाटते. २००१ साली ते गेले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींवर विकले गेले.

तिसरे सवी सावरकर, जन्म नागपूर, १९६१. गळ्यात मडके आणि मागे झाडू बांधलेला आपला पूर्वज त्यांनी ठसठशीत काळ्या रेषांनी कागदावर आणला. ते चित्र घर सजविण्यासाठी नाही, ते जाब विचारते.

तिघांचे मार्ग वेगळे, पण दुसऱ्याची सही कुणी गिरवली नाही. आपल्या वस्तीतली मुले जयंतीला छापील फोटोवरून बाबासाहेबांचे चित्र हुबेहूब काढतात. हात तयार आहे. पण आजीने डोक्यावरून वाहिलेला हंडा, भाताची लावणी, वीटभट्टीवरची आई यांचे चित्र कोण काढणार? ते पाहिलेला डोळा आपल्याच मुलांकडे आहे.

आता एक कबुली. आमचा मुलगा आठवीत असताना एलिमेंटरी परीक्षेचा फॉर्म घेऊन आला. "चित्रे काढून पोट भरते का?" म्हणून आम्ही सही केली नाही. तो काही बोलला नाही. त्यानंतर त्याच्या हातात चित्रकलेची वही आम्ही पाहिली नाही. दिवसभर लोकांच्या सह्या तपासणाऱ्या आम्हाला मुलाची सही ओळखता आली नाही. यंदा धाकटीने फॉर्म आणला, तेव्हा चष्मा शोधण्याआधी पेन शोधले.

पालकहो, १८५७ साली सुरू झालेले जे. जे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जहांगीर कलादालनात तिकीट लागत नाही. आसनगावहून थेट लोकल आहे, मुरबाडकरांनी कल्याणला गाडी धरावी. एका रविवारी मुलांना घेऊन जा. नोकरीचा विचार जरूर करा, पण मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नका.