चिठ्ठीवर तीन ओळी हव्यात



उमरग्यात भरलेल्या वैद्यकीय परिषदेच्या अध्यक्षाने वजन घटवण्यावर बोलावे, हे काहींना खटकेल. आपला धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसे खडी फोडायला गेली, १९९३ च्या भूकंपात याच भागातली गावे जमीनदोस्त झाली, आणि २०१८ साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपले नाव घातले. इथला खरा प्रश्न पोटभर अन्नाचा, लठ्ठपणा हा पुण्या-मुंबईचा आजार, अशी समजूत अजून आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्या भागाने पिढ्यान्‌पिढ्या उपास सोसला, त्याच भागात वाढत्या चरबीचा धोका लवकर आणि कमी वजनावर सुरू होतो. म्हणून वजनाचा उपचार आपल्याकडे अधिक विचाराने व्हायला हवा. औषध, उष्मांकांचा हिशेब आणि नियमित व्यायाम या तीन पर्यायांतून एक निवडायचा नसून, तिन्ही मिळून एकच उपचार होतो, एवढे आज मला मांडायचे आहे.

याचा आधार आपल्याच राज्यातल्या संशोधनात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, पण त्यांची तूट स्नायूंत अधिक होती. चरबी त्यांनी त्या मानाने राखलेली होती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. अशा पुराव्यांमुळेच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर आणली गेली, तर कमरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरली. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आढळला. तेव्हा आपला रुग्ण दिसायला बेताचा असतो, त्याच्या अंगात चरबी जास्त असते आणि स्नायू मुळातच कमी असतात. पुढचा सगळा युक्तिवाद या शेवटच्या गोष्टीवर उभा आहे.

आता औषधांकडे येऊ. भूक आवरणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील चाचणीत आठवड्याला एक इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घटले. नुसती जीवनशैली सुधारून दिखाऊ औषध (प्लासिबो) घेणाऱ्यांचे २.४ टक्के घटले. तशाच प्रकारच्या टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत घट २०.९ टक्क्यांपर्यंत गेली. मधुमेह नसलेल्या, पण हृदयविकार आणि जादा वजन असलेल्या रुग्णांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी केले. हा पुरावा पाहिल्यावर ‘जिभेवर ताबा नाही म्हणून वजन वाढते’ असे रुग्णाला सुनावण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. भूक ही मेंदू आणि आतड्यातल्या संप्रेरकांनी चालवलेली क्रिया आहे. वजन घटू लागले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आखडते. रक्तदाबाच्या रुग्णाला आपण मनोनिग्रहाचा उपदेश करत नाही. तोच न्याय इथेही लागू व्हावा.

पण याच चाचण्यांची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. घटलेल्या वजनातला सुमारे पाव ते दोन पंचमांश वाटा चरबीविरहित भागाचा असतो, आणि त्यात स्नायूही येतात. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक भरपूर आहे त्याला हे परवडेल. आपल्या रुग्णाची ती शिल्लक जन्मापासून तोकडी आहे. शिवाय सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. परत येताना जर प्रामुख्याने चरबीच आली, तर रुग्ण आधीपेक्षा दुबळा आणि त्याच वजनाला जास्त चरबीचा होईल. म्हणजे औषध भूक आवरते, पण त्या आवरलेल्या भुकेत ताटात काय यावे आणि अंगात काय टिकावे, हे औषध ठरवत नाही.

ताटात काय यावे हे हिशेबाने ठरते. माणूस खाण्याचा अंदाज किती चुकवतो, हे १९९२ च्या एका अमेरिकन अभ्यासात मोजले गेले. ‘आम्ही खातच नाही, तरी वजन हलत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपले खाणे सुमारे ४७ टक्क्यांनी कमी आणि आपली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगितली होती. ते खोटे बोलत होते असे नाही, मोजल्याशिवाय कोणालाच कळत नाही. आपल्या स्वयंपाकघरात हा हिशेब अवघड नाही. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २०० कॅलरींची. कालवणावरच्या तर्रीतले दोन मोठे चमचे तेल त्या भाकरीहून भारी, जवळजवळ २५० कॅलरींचे. मूठभर शेंगदाण्यांच्या चटणीत दीडशेहून अधिक. चार घरी चार कप चहा झाले आणि प्रत्येकात दोन चमचे साखर पडली, तर नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी झाल्या. रुग्ण भाकरी सोडतो आणि तेल, साखर तशीच ठेवतो, कारण त्याला हा हिशेब कोणी दाखवलेला नसतो. दुसरे असे, की हिशेब फक्त कमी करण्यासाठी नाही. औषधाने भूक निम्मी झाली की वरण, मटकीची उसळ, अंडे, दही आधी पोटात जायला हवे, वजनाच्या किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिने, मूत्रपिंडाचा विकार असेल तर अर्थातच बेताने. सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या घरच्या बाईला हा हिशेब वरणाचा हक्कही मिळवून देईल.

हिशेबासोबत जेवणाच्या वेळांचाही प्रश्न येतो. शेजारच्या लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी, डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत, दिवसातून दोनदाच जेवण्याचा आग्रह घरोघर पोचवला. येता-जाता तोंडात टाकण्याची सवय त्यामुळे अनेकांनी मोडली, हे मोठे काम आहे. मात्र किती वेळा खाल्ले याने किती खाल्ले हे ठरत नाही. आणि इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण वगळले, तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते.

राहिला व्यायाम. अर्धा तास भरभर चालून एक भाकरीही जळत नाही, म्हणून व्यायाम निरुपयोगी, असा आक्षेप घेतला जातो. आकडा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. व्यायामाचे मुख्य काम स्नायू राखणे आणि घटलेले वजन घटलेलेच ठेवणे हे आहे. कोपनहेगनच्या २०२१ मधील अभ्यासात आधी आहाराने सुमारे १३ किलो घटवलेल्या लोकांना वर्षभर व्यायाम, लिराग्लुटाइड हे याच गटातले औषध किंवा दोन्ही दिले. दोन्ही घेणाऱ्यांची चरबी सर्वांत जास्त उतरली, आणि उपचार थांबल्यानंतरच्या वर्षात नुसत्या औषधवाल्यांपेक्षा व्यायाम केलेल्यांनी ते यश अधिक टिकवले. ‘शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’ असेही विचारतात. पण पेरणी-काढणीचे कष्ट हंगामी असतात, आता बरेच काम ट्रॅक्टरवर आहे, आणि महामार्गालगतच्या दुकानात बसणाऱ्याला तेही नाहीत. आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि दोन दिवस दंड-बैठका यांसाठी जिम लागत नाही. आपल्या गावांना तालमीची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आले तेव्हा सुरुवातीच्या मात्रेचा महिन्याचा खर्च सुमारे १४,००० रुपये होता. रोजगार हमीच्या २०२५-२६ मधील ३१२ रुपये मजुरीने ते ४५ दिवसांचे काम होते. हा अन्याय आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागेल. पण सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. पेटंट सरले आणि देशी उत्पादने आली की किंमत उतरते, हा आपला जुना अनुभव आहे. तेव्हा धोका दुसऱ्या बाजूने येतो. स्वस्त औषध चिठ्ठीविना, मात्रा टप्प्याटप्प्याने न वाढवता, लग्नाआधी दोन महिने बारीक होण्यासाठी विकले जाईल. मळमळ, उलट्या, पित्ताशयातले खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह, थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास, गर्भधारणेची इच्छा, सोबत चाललेले इन्सुलिन, हे सारे पाहणारा डॉक्टर मध्ये नसेल तर चांगले औषधही अपाय करील. आणि ज्याला औषध परवडत नाही त्याला काहीच नाही असेही नाही. २००२ च्या अमेरिकन चाचणीत सात टक्के वजन घटवण्याचे उद्दिष्ट आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम यांनी मधुमेहाची शक्यता ५८ टक्क्यांनी घटवली, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी.

म्हणून या परिषदेपुढे माझी मागणी स्पष्ट आहे. आपल्या प्रत्येक ओपीडीत वजनकाट्याशेजारी मोजपट्टी असावी आणि कमरेचा घेर केसपेपरवर नोंदला जावा. वजनाच्या चिठ्ठीवर तीन ओळी असाव्यात: औषध लागत असेल तर त्याची मात्रा, ताटातल्या उष्मांकांचा आणि प्रथिनांचा हिशेब, आणि व्यायामाची मिनिटे. दर तपासणीला किलोबरोबर ताकदही पाहावी, हात न टेकता खुर्चीतून रुग्ण किती वेळा उठतो एवढी साधी चाचणीही चालेल. औषध सुरू करतानाच ते किती काळ आणि थांबवले तर पुढे काय, हे रुग्णाला सांगावे. आणि ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकारासह लठ्ठपणा आहे, अशा गरीब रुग्णांसाठी ही औषधे सरकारी रुग्णालयात मिळावीत, असा ठराव आपण शासनाकडे पाठवावा. दुष्काळाने ज्यांच्या अंगातले बळ आधीच हिरावले, त्यांची चरबी उतरवताना उरलेले बळ राखणे ही आपली जबाबदारी आहे. ती या तालुक्यापासून पार पाडायला सुरुवात करू या.