मातृवृक्ष : तुलसी गौडा यांचे स्मरण



एका आईचे, एका आजीचे स्मरण करावे, या हेतूने आजच्या व्याख्यानासाठी मी आपल्याच जिल्ह्यातील एक नाव निवडले आहे. अंकोला तालुक्यातील होन्नळ्ळी गावच्या तुलसी गौडा १६ डिसेंबर २०२४ रोजी निवर्तल्या. हालक्की समाजातील या माउलीला लोक प्रेमाने ‘तुलसीअज्जी’ म्हणत.

बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. ज्या वयात शाळेची पायरी चढायची, त्या वयात त्या आईबरोबर वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला जाऊ लागल्या. तीस वर्षांहून अधिक काळ रोजंदारी केल्यावर खात्याने त्यांना कायम केले. मुलेबाळे, नातवंडे, घरसंसार हे सारे सांभाळून त्यांनी आपले आयुष्य रोपांच्या संगोपनाला वाहिले.

त्यांचे खरे सामर्थ्य बियांच्या पारखीत होते. रानातील ‘मातृवृक्ष’ कोणता, म्हणजे कोणत्या निरोगी व जोमदार झाडाचे बी घेतले असता रोप कसदार निघेल, हे त्या अचूक ओळखत. आपल्या सह्याद्रीतील कित्येक वृक्षांच्या बियांची उगवणशक्ती अल्पकाळच टिकते. बी लवकर तोडावे तर ते कच्चे, उशिरा वेचावे तर निर्जीव. तो नेमका काळ साधण्याची विद्या त्यांना कोणत्याही ग्रंथातून मिळाली नव्हती. लेकराचे रडणे भुकेचे की दुखण्याचे हे आई जशी जाणते, तशीच ही जाण होती. नित्य सहवासाने आणि सावध मायेने आलेली.

१९८६ मध्ये त्यांना इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार लाभला, १९९९ मध्ये कर्नाटक राज्योत्सव पुरस्कार. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारताना त्या आपल्या पारंपरिक वेशात, अनवाणी गेल्या. मान मिळाला म्हणून राहणी बदलली नाही.

परंतु मित्रहो, अशी प्रत्येक आजी पद्मश्रीपर्यंत पोहोचत नाही. आपल्या जोयड्यातील कुणबी घरांत कोनफळ, कणगी, करांदे यांतील कोणता कंद खाण्यासाठी काढावा आणि कोणता पुढच्या लागवडीला राखावा, हे ठरवणाऱ्या आज्या आजही आहेत. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेलेले जुने सुपा गाव, तेथील वाटा, तेथील बाजार ज्यांनी पाहिला, अशाही थोड्याच उरल्या आहेत. आपली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गोव्याला, बेळगावला जातात. जावेच. पण जाताना ती या आज्यांना काही विचारून जातात का?

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर यांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी ते धन पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आले. कोणी लिहून घेतले नसते, तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते.

म्हणून या शाळेला माझी एकच विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही घ्यावी, आजीजवळ बसावे आणि तिचे बियाणे, तिची औषधे, तिचे गाव तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. माजी विद्यार्थ्यांनी सुटीत घरी आल्यावर तेच करावे. त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपल्या जाव्यात. माउलीचे स्मारक दगडाचे असू शकते. पण बी वेळेवर वेचले, तरच रान उभे राहते.