प्रश्न विचारणे हेही धम्माचरणच होय
(चंदनसार येथे पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी झालेले भाषण)



आज ज्या घरी आपण जमलो आहोत त्या घरातील वडील माणूस आपल्यातून निघून गेले आहे. त्रिशरण-पंचशील झाले, भन्तेजींनी अनित्यतेचा उपदेश केला. त्यानंतर मी काही बोलावे अशी या कुटुंबाची इच्छा आहे. बोलण्याचा विषयही त्यांनीच सुचविला. रुग्णालयाने जे तपासणीचे अहवाल हाती दिले त्यांतील काही गोष्टी त्यांना उलगडत नाहीत. "आता विचारून काय उपयोग? माणूस तर गेले," असे नातलग म्हणतात. विचारावे की न विचारावे, हा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न एका घरापुरता नाही. या चंदनसारमध्ये, विरारमध्ये, नालासोपाऱ्यात जी शेकडो बौद्ध कुटुंबे आहेत, त्यांच्यापैकी कितीतरी घरांत तो मुकाट्याने गिळला गेला आहे. म्हणून मी तो येथे सर्वांसमक्ष घेतो.

"आता विचारून काय उपयोग?" या वाक्याच्या मुळाशी काय आहे ते प्रथम पाहू. आपण धम्मदीक्षा घेतली, देव्हारे काढले, श्राद्ध-पिंडदान सोडले. परंतु घरात मृत्यू झाला की जुने शब्द पुन्हा ओठांवर येतात. नशिबात होते, भोग होते, घटका भरली होती, असे आपण म्हणतो. हे शब्द दुःख हलके करण्यासाठी उच्चारले जातात हे मला ठाऊक आहे. पण त्यांचा परिणाम कोणता होतो? ज्याने हयगय केली असेल तो सुटतो आणि ज्याचे माणूस गेले तो गप्प बसतो. परमपूज्य बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची चिकित्सा केली आहे. माणसाची आजची दैना त्याच्या मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ मानली, तर राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी नेमके दाखविले. ही चिकित्सा दारिद्र्याला जशी लागू आहे तशीच रुग्णालयातील मृत्यूलाही लागू आहे. अनित्यता हा निसर्गाचा नियम आहे. हयगय हा निसर्गाचा नियम नव्हे.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितले? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काहीही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. पांढरा अंगरखा घातलेल्या माणसाने सांगितले एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. पारखावयाची असते ती दोन्ही बाजूंनी.

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिचीही साक्ष काढतो. येथून जवळच सोपारा आहे. तेथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे सापडला आणि नवव्या शिलालेखाचा तुकडा 1956 साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, भुईगावात मिळाला. त्या नवव्या लेखात अशोकाने काय म्हटले आहे? लोक आजारपणात, विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी नाना विधी करतात, त्यांचे फळ अल्प असते. माणसांशी नीट वागणे हेच फलदायी मंगल होय. आजाऱ्याच्या उशाशी उतारे करण्यापेक्षा माणसांशी नीट वागणे अधिक फलदायी, हा उपदेश या किनाऱ्यावर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला आहे.

नीट वागणे म्हणजे काय, ते उलट्या उदाहरणावरून लवकर कळते. 'यंग इंडिया'च्या 12 डिसेंबर 1929 च्या अंकात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापले गेले. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत ते उद्धृत केले आहे. या शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. गावच्या नगरशेठाकरवी फीची हमी मिळाल्यावर तो आला, पण रोग्याला वस्तीबाहेर आणले तरच तपासीन या अटीवर. त्याने उष्णतामापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला, पतीने पत्नीला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात आकडा पाहून डॉक्टरने रोगाचे नाव सांगितले. ती माऊली वाचली नाही.

बंधूंनो, त्या घरी तपासणी झाली होती, आकडाही मिळाला होता, आणि तरीही तपासणी झाली नव्हती! हातात कागद आला म्हणजे रोग्याची तपासणी झाली असे समजू नका. तो कागद कोणी पाहिला, केव्हा पाहिला आणि पाहून काय केले, हे विचारावे लागते. आणि त्या शिक्षकाने काय केले तेही ध्यानात घ्या. त्याने घडलेले सारे क्रमवार लिहून काढले. म्हणून आज आपणांस ते कळते.

आता विचारण्याचा अधिकार आपणांस आहे काय? आहे, आणि तो कृपेचा नव्हे, कायद्याचा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरने तीन वर्षे जपून ठेवावयाचे असतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ते 72 तासांत द्यावयाचे असतात. मुंबई उच्च न्यायालयाने 1996 सालीच सांगितले आहे की, केसपेपरच्या प्रती रुग्णास किंवा जवळच्या नातलगास, वाजवी खर्च घेऊन, दिल्याच पाहिजेत. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्णालयात मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातलगास देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. रुग्णालय सरकारी वा महापालिकेचे असेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करता येतो. उत्तरास 30 दिवसांची मुदत आहे.

कागद हाती आल्यावर काय पाहावे? नाव, वय आणि लिंग बरोबर आहे काय? नमुना कोणत्या वेळी घेतला आणि अहवाल कोणत्या वेळी तयार झाला? शेजारी छापलेल्या मर्यादेबाहेर कोणता आकडा गेला आहे? अहवालावर सही कोणाची आहे? प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. आणि आकडा चुकीचा दिसला तरी त्याची निरुपद्रवी कारणेही असतात हे विसरू नका. रक्त काढताना वा नेताना त्यातील पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले तर आकडे बदलतात. म्हणून संशय हा निष्कर्ष नव्हे; ती चौकशीची सुरुवात होय.

येथे मला स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे. माझी आई एका रुग्णालयात वारली. तिचे वय 67. तिच्या रक्ताच्या अहवालावर वय छापले होते 42. पोटॅशियमचा आकडा अतिशय वाढलेला होता. आम्हा भावंडांची खात्री झाली की, दुसऱ्याच कुणाचे रक्त आईच्या नावावर चढविले. माझा धाकटा भाऊ चार मित्रांना घेऊन निघाला होता. मी त्याला उंबऱ्यावर अडविले आणि म्हटले, "तुझा हात उठला की आईचा प्रश्न संपला. मग सारे तुझ्याच हाताविषयी बोलतील." आम्ही अर्ज लिहिला आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "पेशंट गेला, आता कागद कशाला?" तिसऱ्या खेपेस कागद मिळाले.

ते घेऊन आम्ही बाहेरच्या एका जाणत्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नमुन्याचा क्रमांक प्रयोगशाळेच्या नोंदीशी ताडून पाहण्यास सांगितले. क्रमांक जुळला. सकाळी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यातही आकडा तसाच होता. म्हणजे रक्त आईचेच होते. वय लिहिणाऱ्याची चूक झाली होती. आमचा संशय खोटा ठरला. परंतु त्याच कागदांतून, आम्ही न विचारलेली एक गोष्ट उघड झाली. अहवाल रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी तयार झाला होता, आणि त्यावर डॉक्टरची पहिली नोंद होती सकाळी 7 वाजून 10 मिनिटांची. हृदय थांबवू शकेल असा आकडा साडेसात तास कागदावर पडून राहिला, आणि तो कुणी पाहिला नाही.

तो अहवाल वेळेवर पाहिला असता तर आई वाचली असती काय? त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की, हे खात्रीने कोणीही सांगू शकणार नाही. आम्ही रुग्णालयाच्या प्रमुखांना एवढेच विचारले की, हे साडेसात तास कुणाचे? त्यांनी लेखी उत्तर दिले. रात्रीचा धोक्याचा अहवाल वॉर्डात फोनने कळविण्याची व्यवस्था नव्हती, हे त्यांनी मान्य केले आणि त्यासाठी स्वतंत्र नोंदवही सुरू केल्याचे कळविले. आम्ही न्यायालयात गेलो नाही. दुसरे एखादे कुटुंब गेले असते, तर तेही योग्यच ठरले असते. आई परत आली नाही. पण त्या वॉर्डात आज रात्री झोपलेल्या कुणाच्या तरी आईसाठी ती वही उघडी आहे. माझ्या दृष्टीने आईचे पुण्यानुमोदन त्या दिवशी पुरे झाले.

ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी मार्ग आहेत. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 1995 रोजी निर्णय दिला. जेथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतात ते रुग्णालय त्यात येत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मृताचा वारसही जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे, ती दुःखात घालवू नका. डॉक्टरच्या वर्तनाविषयी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येते. फौजदारी गुन्ह्याची वाट अरुंद आहे. निष्णात डॉक्टरचे निःपक्ष मत घेतल्यावाचून डॉक्टरवर खटला चालवू नये, असे 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात ठरले आहे. मृत्यूच्या कारणाविषयीच संशय असेल, तर शवविच्छेदनाची मागणी दहनाआधी करावी लागते. नंतर ती वाट कायमची बंद होते. आणि मारहाण, मोडतोड यांसाठी महाराष्ट्रात 2010 चा स्वतंत्र कायदा असून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षेच्या भयाने नव्हे, शीलासाठी आपण हात आवरावा.

चिकाटीचे एक उदाहरण सांगतो. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास आणले. उपचारानंतर त्याच दिवशी तो वारला. मृत्यूच्या दाखल्यावर एक वैद्यकीय कारण लिहिले गेले. वडील स्वतः दौंडचे डॉक्टर. त्यांनी ते कारण मानले नाही. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. भूल न देता जोराने हाड ओढल्याच्या धक्क्याने मृत्यू आला, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली कायम केला. भरपाई किती? 3,000 रुपये. पंधरा वर्षांचा झगडा 3,000 रुपयांसाठी नव्हता. दाखल्यावरील एक ओळ खोटी राहू नये यासाठी होता. त्या पित्याला काय विचारावे हे ठाऊक होते, कारण तो डॉक्टर होता. आपल्या घरांत ते ज्ञान नाही. म्हणूनच 'शिका' हा आदेश पदवीपुरता समजू नका. घरातील एका तरी मुलाने वा मुलीने अहवाल वाचण्यास शिकले पाहिजे.

शेवटी एक सांगतो. उपचारात किंवा कागद मागताना कुणी जातीवरून अपमान केला, रुग्णालयात येऊ दिले नाही, तर तो निराळा गुन्हा आहे. 1955 च्या कायद्याने आणि 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने त्याला शिक्षा आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले. म्हणून धम्म स्वीकारला याने हे संरक्षण गेले असे कुणी सांगितले तर मानू नका. पण जेथे जातीचा संबंध नाही तेथे तो जोडूही नका. सत्य बोलणे हे आपल्या शीलातच आहे आणि ते आपल्यालाही बांधून ठेवते.

आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली आणि भिक्खूंना सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. परिचारिका, डॉक्टर, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हे त्याच सेवेत आहेत; त्यांतील बहुतेक जण रात्रंदिवस कष्टतात. आपला प्रश्न त्यांच्याविरुद्ध नाही. ती सेवा खरी व्हावी यासाठी तो आहे.

या घरातील भगिनीला माझे सांगणे एवढेच की, ताई, विचारा. उद्या सकाळी अर्ज लिहू, मी बरोबर येतो. उत्तर आपल्या मनासारखे आले नाही तरी ते खरे असावे, एवढाच आग्रह धरू. गेलेल्या माणसाविषयी खरे काय घडले हे जाणून घेणे, हीदेखील त्याला वाहिलेली आदरांजलीच आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!